सभागृह बंद झाले ते दिवस : १९७९ चा पेच आणि आपण

१९७९ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दिल्लीत जो घटनात्मक पेच उभा राहिला, त्याची हकीकत आपल्याकडे दोन तऱ्हांनी सांगितली जाते. प्रस्थापितांच्या लेखनात ती जनता पक्षातल्या भाऊबंदकीची कथा असते : मोरारजींचा हट्ट, चरणसिंगांची महत्त्वाकांक्षा, राजनारायण यांचे उद्योग. आपल्या लोकांत ती 'जगजीवनराम यांना पंतप्रधान होऊ दिले नाही' एवढ्या एका वाक्यात आटोपते. पहिलीत जातीचा प्रश्न नाहीसा होतो, दुसरीत संसदेचा. वास्तविक त्या पेचातून बाहेर पडण्याचे एकापेक्षा अधिक संसदीय मार्ग उपलब्ध होते, ते घटनेत लिहिलेले होते, आणि त्यांतला एक तर अवघ्या दोन महिन्यांपूर्वी अमलात आला होता. ते न वापरता लोकसभाच बरखास्त करण्यात आली. त्यानंतरचे जवळजवळ पाच महिने या देशात लोकसभा नव्हती. या पाच महिन्यांचा अर्थ दिल्लीत बसून नीट कळत नाही. तो चाकणसारख्या कांद्याच्या बाजारगावातून पाहावा लागतो, म्हणून या लेखात दिल्लीनंतर चाकणला यायचे आहे.

आधी घटनाक्रम. १९७७ च्या मार्चमध्ये जनता पक्ष सत्तेवर आला तेव्हाच नेतानिवडीचा प्रश्न मतदानाने सुटला नाही. जयप्रकाश नारायण आणि आचार्य कृपलानी यांनी खासदारांचा कल जाणून घेऊन मोरारजी देसाई यांचे नाव जाहीर केले. चरणसिंग त्या वेळी रुग्णालयात होते. जगजीवनराम यांच्यापेक्षा मोरारजी बरे, अशा अर्थाचे पत्र त्यांनी तिथूनच पाठवले. गुप्त मतदान झाले असते तर काय झाले असते, हा तर्काचा विषय आहे. ते झाले नाही हा इतिहासाचा.

पुढे जानेवारी १९७९ मध्ये चरणसिंग आणि जगजीवनराम दोघेही उपपंतप्रधान झाले. जुलैच्या पावसाळी अधिवेशनात पक्ष फुटू लागला. विरोधी पक्षनेते म्हणून नुकतीच सूत्रे घेतलेल्या यशवंतराव चव्हाणांनी अविश्वासाचा ठराव मांडला. ठरावावर मत पडण्यापूर्वीच १५ जुलै रोजी मोरारजींनी राजीनामा दिला. राष्ट्रपती नीलम संजीव रेड्डी यांनी प्रथम चव्हाणांना सरकार बनवण्याची शक्यता अजमावण्यास सांगितले. ते जमत नाही असे चव्हाणांनी चार दिवसांत कळवले. मग मोरारजी आणि चरणसिंग या दोघांकडून पाठीराख्या खासदारांच्या याद्या मागवण्यात आल्या. काही नावे दोन्ही याद्यांत होती! २८ जुलैला चरणसिंगांचा शपथविधी झाला आणि यशवंतराव उपपंतप्रधान झाले. लवकरात लवकर सभागृहाचा विश्वास मिळवावा असे राष्ट्रपतींनी सांगितले होते, त्यानुसार २० ऑगस्टला लोकसभा बोलावली गेली. इंदिरा काँग्रेसने पाठिंबा काढून घेतला. चरणसिंग त्या दिवशी सभागृहात गेलेच नाहीत. त्यांनी राजीनामा दिला आणि लोकसभा बरखास्त करण्याचा सल्ला दिला. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींनी तो मानला.

म्हणजे चाळीस दिवसांत दोन पंतप्रधान गेले आणि लोकसभेत एकाच्याही बाबतीत मत पडले नाही. त्याच वर्षी २८ मार्च रोजी लंडनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये जेम्स कॅलहॅन यांचे सरकार ३११ विरुद्ध ३१० अशा एका मताने पडले होते. ज्यांच्याकडून आपण ही पद्धत घेतली असे म्हणतो, त्यांच्याकडे एका मतासाठी सभागृह भरले. आपल्याकडे याद्या मोजण्याचे काम राष्ट्रपतिभवनात झाले.

आता २० ऑगस्टला कोणते मार्ग शिल्लक होते ते पाहू. घटनेच्या ७५ व्या कलमानुसार मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार असते, राष्ट्रपतींना किंवा पक्षाला नव्हे. चरणसिंग यांच्या मंत्रिमंडळाने ही जबाबदारी एक दिवसही पार पाडलेली नव्हती. पहिला मार्ग सरळ होता. मोरारजी बाजूला झाल्यावर जनता संसदीय पक्षाने जगजीवनराम यांची नेता म्हणून निवड केली होती. फूट पडूनही तोच सभागृहातला सर्वांत मोठा पक्ष होता. त्यांना बोलवायचे, आठ-पंधरा दिवसांची मुदत द्यायची, आणि सभागृहात मत घ्यायचे. हरले असते तर बरखास्तीची वाट मोकळीच होती.

दुसरा मार्ग ८६ व्या कलमाचा. राष्ट्रपतींना सभागृहाला संदेश पाठवण्याचा अधिकार आहे आणि सभागृहाने त्याचा विचार करावाच लागतो. आपला नेता कोण हे सभागृहानेच ठरवून कळवावे, असा संदेश पाठवता आला असता. तिसरा मार्ग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आणीबाणीचा अनुभव घेऊन जनता राजवटीने ४४ वी घटनादुरुस्ती केली. तिच्यातील बहुतेक तरतुदी २० जून १९७९ पासून लागू झाल्या. त्यांपैकी एक ७४ व्या कलमातली आहे : मंत्रिमंडळाचा सल्ला राष्ट्रपती एकदा फेरविचारासाठी परत पाठवू शकतात. ही तरतूद केवळ दोन महिन्यांची होती, शाई वाळली नव्हती म्हणा. ज्या मंत्रिमंडळाने कधी सभागृहाचे तोंड पाहिले नाही, त्याचा सभागृहच मोडण्याचा सल्ला परत पाठवण्यासारखा नव्हता, तर मग कोणता सल्ला परत पाठवायचा?

राष्ट्रपतींच्या बाजूनेही बोलले पाहिजे. पक्षांतराला तेव्हा कायद्याचा आळा नव्हता. तो ५२ व्या दुरुस्तीने १९८५ मध्ये आला. खासदार सकाळी एका यादीत तर संध्याकाळी दुसऱ्या यादीत, अशी स्थिती होती. आणखी मुदत दिली तर घोडेबाजार वाढेल ही भीती खोटी नव्हती. मध्यावधी निवडणूक हवी म्हणणारे पक्षही सभागृहात होते. शिवाय जनता पक्षाने स्वतःच वेळ दवडला होता. १५ जुलैला राजीनामा दिल्यानंतरही मोरारजी पक्षनेतेपद सोडायला तयार नव्हते, आणि ते सोडेपर्यंत चरणसिंगांचे पारडे जड झाले होते. जगजीवनराम यांची वाट सर्वांत आधी त्यांच्याच पक्षाच्या ज्येष्ठ नेत्याने अडवली, हे विसरून चालणार नाही. पण हे सगळे मान्य केले तरी घोडेबाजाराची भीती हे मत न घेण्याचे कारण होऊ शकत नाही. मत उघड्यावर पडते, म्हणून सौदा उघडकीस येण्याची शक्यता तिथे अधिक असते. याद्या बंद खोलीत दिल्या जातात.

बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना अमेरिकन आणि ब्रिटिश पद्धतींची तुलना केली होती. अमेरिकन पद्धतीत स्थैर्य जास्त, ब्रिटिश पद्धतीत जबाबदारी जास्त. दोन्ही एकाच मापात मिळत नाहीत. मसुद्याने जबाबदारीला झुकते माप दिले आहे, असे त्यांचे म्हणणे होते. या जबाबदारीची झडती रोज घेता येते, प्रश्नांनी, ठरावांनी, अविश्वासाच्या प्रस्तावांनी. आणि मुदतीची झडती मतदार निवडणुकीत घेतात. रोजची झडती ही मुदतीच्या झडतीपेक्षा अधिक परिणामकारक, हा त्यांचा मुद्दा होता. १९७९ मध्ये 'जनतेकडे जाऊ' असे म्हणत मुदतीची झडती पुढे करून रोजची झडती रद्द करण्यात आली. ऐकायला हे फार लोकशाहीवादी वाटते. त्यात काय हरवले ते पुढे येईलच.

इथे एक अवघड गोष्ट बोलली पाहिजे. महाराष्ट्रातल्या आंबेडकरी जनतेला जगजीवनराम यांच्याविषयी प्रेम वाटावे असे फारसे काही नव्हते. ते काँग्रेसचे हरिजन नेते. बाबासाहेबांनी १९५१ मध्ये नेहरू मंत्रिमंडळ सोडले. हे १९४६ च्या हंगामी सरकारपासून मंत्रिमंडळात होते आणि राहिले. आणीबाणीला मंजुरी देणारा ठराव २१ जुलै १९७५ रोजी लोकसभेत मांडला तो त्यांनीच. तो ३३६ विरुद्ध ५९ मतांनी मंजूर झाला. प्रश्नोत्तराचा तास त्या अधिवेशनात बंद ठेवलेला होता. विरोधी नेते तुरुंगात होते. शेजारच्या पुण्याचे काँग्रेसचे खासदार मोहन धारिया यांनी आणीबाणीविरुद्ध आवाज उठवला. जगजीवनराम यांनी राजीनामा दिला तो २ फेब्रुवारी १९७७ रोजी, निवडणूक जाहीर झाल्यावर. ज्याने १९७५ मध्ये सभागृहाच्या हातून सभागृहाचे हात बांधून घेतले, त्यालाच १९७९ मध्ये सभागृहाचा हात मिळाला नाही, यात नियतीचा न्याय पाहणारे आपल्याकडेही आहेत. मला हे पटत नाही. घटनेतला हक्क हा चारित्र्याच्या दाखल्यावर मिळत नसतो. बहुमत अजमावण्याची संधी मोरारजींना, चव्हाणांना, चरणसिंगांना मिळाली. चौथ्याच्या वेळी सभागृहच उरले नाही. हा चौथा चांभार समाजातला होता हे सांगण्यासाठी कोणाचा हेतू शोधत बसण्याची गरज नाही. व्यवस्था हेतूशिवायही आपले काम करते.

आता चाकणला येऊ. पुणे-नाशिक रस्त्यावरचे हे खेड तालुक्यातले गाव आज मोटारींच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. इतिहासाच्या पुस्तकात ते संग्रामदुर्गासाठी असते : १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्याने शाइस्तेखानाविरुद्ध तो लढवला. पण १९७९ मध्ये चाकण म्हणजे कांदा. शेतकरी गाडीने गोण्या आणी, आडत्याच्या वखारीपुढे ढीग पडे, व्यापारी बोली लावत. ढिगापाशी हमाल असत आणि कांदा निवडायला बसलेल्या बाया असत. शेतातल्या काटणीपासून वखारीतल्या निवडीपर्यंत कांद्याला ज्यांचे हात लागतात त्यांत मागासवर्गीय भूमिहीन मोठ्या संख्येने असतात, हे या पट्ट्यातल्या कोणालाही सांगावे लागत नाही. १९७७ मध्ये हे गाव खेड लोकसभा मतदारसंघात होते आणि तिथून काँग्रेसचे अण्णासाहेब मगर निवडून आले होते.

२२ ऑगस्टनंतर या मतदारसंघाला खासदार राहिला नाही. देशातल्या कोणत्याच मतदारसंघाला राहिला नाही. त्याच काळात महागाई भडकली. कांद्याचे भाव इतके चढले की जानेवारी १९८० च्या निवडणुकीत इंदिरा काँग्रेसने कांदा हाच प्रचाराचा मुद्दा केला. त्या निवडणुकीला पुढे कांद्याची निवडणूक म्हणू लागले. शहरात भाव चढतो तेव्हा चाकणच्या वखारीत निवडणीची मजुरी चढते असे नव्हे. त्या बाईला कांदा दोन्हीकडून महाग : हाताला लागतो, ताटात येत नाही. अशा वेळी लोकसभा भरत असती तर साठा कोणाकडे, निर्यात किती, रेशनवर साखर-रॉकेल का नाही, असे प्रश्न रोज विचारले गेले असते. मंत्र्याला उत्तर द्यावे लागले असते. उत्तराने पोट भरत नाही हे खरे, पण उत्तर देण्याची सक्ती असलेला कारभार आणि नसलेला कारभार यांत फरक असतो.

हा फरक कागदावर दाखवता येतो. ऑक्टोबर १९७९ मध्ये चरणसिंगांच्या काळजीवाहू सरकारने काळाबाजार रोखण्यासाठी आणि जीवनावश्यक वस्तूंचा पुरवठा टिकवण्यासाठी एक वटहुकूम काढला. त्यात खटल्यावाचून स्थानबद्ध करण्याचा अधिकार होता. काळाबाजारवाल्यांबद्दल कोणाला कळवळा असण्याचे कारण नाही. पण ज्या सरकारवर सभागृहाने कधी विश्वास व्यक्त केला नाही, ते सरकार, लोकसभा अस्तित्वात नसताना, माणसाला खटल्याविना डांबण्याचा कायदा करते आणि तो पुढे १९८० मध्ये रीतसर अधिनियम होऊन कायम राहतो, हे मिसा रद्द होऊन दोन वर्षे होण्याच्या आत घडले आहे. काळजीवाहू हा शब्द कोणाची काळजी वाहतो हे तपासून घेतलेले बरे.

१९७९ मध्येच चाकणला आणखी एक गोष्ट घडत होती. जवळच्या आंबेठाणला शेती घेऊन राहिलेल्या शरद जोशींनी कांद्याच्या भावाचा प्रश्न हाती घेतला आणि शेतकरी संघटना उभी केली. निवडणूक झाली, नवा कांदा बाजारात आला, भाव कोसळले, आणि १९८० च्या सुरुवातीला चाकणचा रस्ता शेतकऱ्यांनी रोखला. सरकारला दखल घ्यावी लागली. लोकसभा बंद होती म्हणून आंदोलन झाले असे मी म्हणत नाही. त्याची सुरुवात आधीची आहे आणि कारणे शेतीमालाच्या भावात आहेत. पण सभागृह आणि रस्ता या दोन जागांचा हिशेब चाकणमध्ये फार स्पष्ट मांडला गेला. ज्याच्याकडे गाडीभर माल आहे तो गाडी रस्त्यावर आडवी लावू शकतो. माल त्याचा, म्हणून अडवण्याची ताकदही त्याची. निवडणाऱ्या बाईने काम थांबवले तर दुसऱ्या दिवशी तिच्या जागी दुसरी बसते. आपल्या वस्तीने रस्ता अडवला तर गावकीचा बहिष्कार येतो, हे मराठवाड्याने एक वर्ष आधीच दाखवून दिले होते.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात सांगितले की घटनात्मक मार्ग उपलब्ध झाल्यावर सत्याग्रहासारखे मार्ग आपण मागे ठेवले पाहिजेत. हे वाक्य आपल्या प्रत्येक मोर्चाच्या तोंडावर फेकले जाते. त्यातली अट मात्र कोणी वाचत नाही : मार्ग उपलब्ध असले तर. बाबासाहेबांचा संसदेवरचा भर हा सौम्यपणातून आलेला नव्हता. अल्पसंख्य, विखुरलेल्या आणि गावात दुसऱ्याच्या बांधावर जगणाऱ्या समाजाला रस्त्यावरची ताकद कधीच पुरेशी होणार नाही, हे त्यांनी महाडला आणि नाशिकला अनुभवले होते. एक माणूस एक मत हे मूल्य सभागृहात गेल्यावरच चालते. भूमिहीनाला त्या वर्षांत जे काही मिळाले ते सभागृहातूनच आले. महाराष्ट्राचा रोजगार हमीचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला, तो विधिमंडळाने केलेला कायदा होता.

सभागृहाने ठराव केला म्हणजे काम झाले असे मात्र समजू नये. २७ जुलै १९७८ रोजी महाराष्ट्राच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यात आपली घरे जळाली, माणसे मारली गेली, आणि नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला, तेही नामविस्ताराच्या तडजोडीने. सभागृह हे पुरेसे नसते. पण त्या सोळा वर्षांत चळवळीच्या हातात दाखवायला एक कागद होता, आणि तो ठरावाचा होता. १९७९ च्या ऑगस्टबद्दल असा कागदही आपल्याकडे नाही. जगजीवनराम यांना बहुमत होते की नव्हते, हे आता कोणीच सिद्ध करू शकत नाही, कारण मत पडलेच नाही. जानेवारी १९८० मध्ये जनता पक्षाने त्यांना पंतप्रधानपदाचे उमेदवार म्हणून पुढे केले. पक्षाला ३१ जागा मिळाल्या, इंदिरा काँग्रेसला ३५३. या आकड्यांवरून 'पाहा, जनतेनेच नाकारले' असे म्हणणारे आहेत. पाच महिन्यांनंतरचा, फुटलेल्या पक्षाचा, कांद्याच्या भावाचा कौल हा २० ऑगस्टच्या लोकसभेचा कौल होऊ शकत नाही.

अशा पेचाला इतर देशांनी कायद्याने वाट काढली आहे. पश्चिम जर्मनीच्या घटनेत अविश्वासाच्या ठरावाबरोबरच पुढचा नेता निवडावा लागतो. १ ऑक्टोबर १९८२ रोजी हेल्मुट श्मिट जाऊन हेल्मुट कोल आले ते याच पद्धतीने, एका मतदानात. आपल्याकडे २००२ मध्ये घटना आढावा आयोगाने जवळपास अशीच शिफारस केली. ती बासनात आहे. न्यायालयाने मात्र १९९४ च्या बोम्मई निकालात बहुमताची कसोटी सभागृहातच लागली पाहिजे हे ठामपणे सांगितले. त्याचा उपयोग महाराष्ट्राला झाला : २६ नोव्हेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्याच दिवशी विधानसभेत मत घेण्याचा आदेश दिला आणि पहाटेच्या शपथविधीचे सरकार त्याच दुपारी संपले. आणि उलटा धडाही महाराष्ट्रालाच मिळाला. जून २०२२ मध्ये उद्धव ठाकरे यांनी सभागृहाला सामोरे न जाता राजीनामा दिला. ११ मे २०२३ च्या निकालात राज्यपालांचे बहुमत चाचणी बोलावणे चुकीचे ठरले, पण मत पडण्याआधीच राजीनामा दिल्यामुळे जुने सरकार परत आणता येत नाही, असे न्यायालयाला म्हणावे लागले.

राष्ट्रपतिभवनातही पुढे वेगळे वागून दाखवणारा माणूस आला. के. आर. नारायणन. १९७९ मध्ये पडून राहिलेली ७४ व्या कलमाची तरतूद त्यांनी ऑक्टोबर १९९७ मध्ये वापरली आणि उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याचा सल्ला फेरविचारासाठी परत पाठवला. १९९८ मध्ये बिहारच्या बाबतीत पुन्हा तसेच केले. एप्रिल १९९९ मध्ये वाजपेयी सरकारचा पाठिंबा निघाला तेव्हा त्यांनी याद्यांवर भागवले नाही, विश्वासमत घ्यायला सांगितले. १७ एप्रिलला सरकार २६९ विरुद्ध २७० मतांनी पडले. मग विरोधकांना बहुमत दाखवण्यासाठी काही दिवस दिले. ते त्यांना जमले नाही. २६ एप्रिलला लोकसभा बरखास्त झाली. जगजीवनराम यांना जे काही दिवस हवे होते ते एका दलित राष्ट्रपतीने वीस वर्षांनी दुसऱ्या कोणाला दिले. आणि तरीही त्या उन्हाळ्यात कारगिलची लढाई चालू असताना राज्यसभेचे खास अधिवेशन बोलवावे ही विरोधकांची मागणी काळजीवाहू सरकारने मान्य केली नाही.